रेशमी टाका मिरवायची परवानगी कोणाला?

१५५४-५५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने एक कायदा केला. टोपी, घरात घालायची रात्रटोपी, कमरपट्टा, बूट, तलवारीचं म्यान, घोड्याला टाच मारायच्या काट्याचा चामडी पट्टा, यांपैकी कशावरही सामान्य पुरुषाने रेशीम लावलं तर तीन महिने तुरुंग. शिवाय ते अंगावर घातलेल्या प्रत्येक दिवसाला दहा पौंड दंड. साध्या मजुराला तेव्हा वर्षभर सलग काम मिळालं तर जेमतेम तेवढे पैसे हाती यायचे. सूट होती ती ‘नाइट’ किताब असलेल्यांच्या मुलांना आणि त्यांच्याहून वरच्यांना, तसंच वर्षाला वीस पौंडांचं उत्पन्न किंवा दोनशे पौंडांची मालमत्ता असलेल्यांना.

यादी पुन्हा वाचा. त्यात झगा नाही, अंगरखा नाही. सगळ्या लहानसहान वस्तू आहेत. एका देशाच्या पार्लमेंटने रात्रटोपीवरच्या रेशमाची एवढी धास्ती का घ्यावी?

मला पटणारं उत्तर असं आहे. सरदाराचा पूर्ण पोशाख सामान्य माणूस कधीच करू शकत नव्हता. मखमल, फर, सोनेरी कापड हे त्याच्या आवाक्याबाहेरच होतं, त्यामुळे तिथे कायद्याची फारशी गरज नव्हती. पण टोपीची पट्टी, एखादा बटवा, हातमोज्याची मनगटपट्टी एवढं मात्र पैसे साठवून घेता येत होतं. पायरी ओलांडायची तर ती अशा लहान वस्तूंवरूनच ओलांडली जाणार, हे वरच्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून इंग्लंडच्या ट्यूडर आणि स्टुअर्ट काळातलं, म्हणजे साधारण १५५० ते १६५० या शंभर वर्षांतलं समाजकारण समजून घ्यायचं असेल, तर राजवाड्यांच्या बरोबरीने हातमोजे, बटवे, टोपडी आणि रुमाल पाहावे लागतात.

कायद्याची शिडी

कोणी काय घालावं हे सांगणारे कायदे इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापासून होते. पहिल्या एलिझाबेथ राणीने त्यांना धार लावली. १५५९ ते १५९७ या काळात तिने यासंबंधी एकामागून एक जाहीरनामे काढले. त्यांतला १५ जून १५७४ चा ग्रीनिचचा जाहीरनामा सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यात भरतकामाचा स्वतंत्र उल्लेख येतो. सोनं, चांदी किंवा मोती असलेलं भरतकाम फक्त ड्यूक, मार्क्विस, अर्ल आणि त्यांची मुलं, व्हायकाउंट, बॅरन (हे सगळे उतरत्या क्रमाने सरदारांचे दर्जे), ‘गार्टर’ हा सर्वोच्च किताब मिळालेले नाइट आणि राणीच्या सल्लागार मंडळाचे सभासद यांनाच. नुसत्या रेशमाचं भरतकाम त्याच्या एक पायरी खाली: बॅरनचे मुलगे, नाइट, राणीच्या सेवेत हजर असणारे खासगीकडचे लोक, परदेशी वकिलातीवर जाऊन आलेले.

म्हणजे सुई-दोऱ्यालाही दर्जे होते. सोनेरी दोरा एका पायरीवर, रेशमी दोरा दुसऱ्या पायरीवर, आणि उरलेल्यांना लोकर आणि तागाचं, म्हणजे लिननचं सूत. स्त्रियांसाठी वेगळी यादी होती आणि ती नवऱ्याच्या दर्जावर चालायची. बाई कोणाची बायको आहे यावर तिच्या अंगावर काय शोभेल ते कायद्याने ठरायचं.

जाहीरनाम्यात कारणंही दिली आहेत. परदेशी चैनीच्या मालावर देशाचं धन बाहेर जातं, आणि तरुण पोरं बापजाद्यांच्या जमिनी विकून कपड्यांवर उधळतात, कर्जात बुडतात आणि मग वाममार्गाला लागतात. पहिलं कारण खरंच होतं. रेशीम इंग्लंडमध्ये पिकत नव्हतं, ते इटली, स्पेन आणि पूर्वेकडच्या देशांतून यायचं. याच विचारातून १५७१ साली उलट दिशेचा कायदा आला: सरदार-दरकदार सोडून सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणावारी देशी लोकरीची विणलेली टोपी घातलीच पाहिजे. तिकडे टोपीवाल्यांचा धंदा सांभाळला गेला आणि इकडे साधी टोपी हीच सामान्य माणसाची खूण ठरली.

अंमलबजावणी कधी कडक, कधी ढिली असायची. १५६५ साली लंडनमध्ये रिचर्ड वॉल्वेन नावाच्या एका नोकराला पकडलं, कारण त्याची तुमान फारच फुगीर आणि डामडौलाची होती. साधी तुमान मिळवेपर्यंत त्याला अडकवून ठेवलं, आणि ती जप्त केलेली तुमान लोकांना धडा म्हणून सभागृहात टांगली. पण असे किस्से थोडे. तोच जाहीरनामा पुन्हा पुन्हा काढावा लागत होता, याचा अर्थ लोक तो पाळत नव्हते.

सोन्याचा दोरा कसा होतो

आता हे सगळं इतकं मौल्यवान का होतं, ते पाहू. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण आजच्या यंत्रावरच्या भरतकामाची सवय झालेल्या डोळ्याला त्यातले कष्ट दिसत नाहीत.

सोनेरी दोरा म्हणजे आपल्याकडची कलाबूतच. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ मुलामा चढवायचा. ती कांब पोलादी पट्टीतल्या भोकांतून ओढायची, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा बारीक. चांदी लांबत जाते आणि तिच्यावरचं सोनंही तिच्याबरोबर लांबत जातं, तुटत नाही. शेवटी केसासारखी तार मिळाली की ती ठोकून चपटी करायची आणि पिवळ्या रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळायची. पिवळं रेशीम अशासाठी की गुंडाळीत फट राहिली तरी सोनेरीच दिसावं. चांदीच्या दोऱ्याला पांढरं रेशीम.

टिकल्यांची रीतही अशीच. तार एका बारीक दांडीभोवती वेटोळी गुंडाळायची, वेटोळी कापून कड्या करायच्या, एकेक कडी हातोडीने चपटी करायची. जुन्या टिकल्यांना एका बाजूला बारीकशी चीर दिसते, ती या कापलेल्या टोकांची. त्या एकाच टाक्याने अडकवलेल्या असायच्या, त्यामुळे माणूस हलला की त्याही हलायच्या. सगळी मेजवानी मेणबत्तीच्या उजेडात चालायची त्या काळात हे किती उठून दिसत असेल, याची कल्पना विजेच्या दिव्याखाली येत नाही.

रेशीम, सोनेरी दोरा, टिकल्या, सगळं वजनावर विकलं जायचं. मोठ्या घरांच्या हिशेबवह्यांत भरतकामाच्या खर्चात मजुरीपेक्षा मालाचाच आकडा डोळ्यांत भरतो. म्हणून जुनी वस्तू टाकून देत नसत. भरलेला तुकडा कापून दुसऱ्या कपड्यावर लावायचे, आणि तोही झिजला की जाळून चांदी काढून घ्यायचे. आपल्याकडे जुन्या जरीच्या पैठण्या घेणारे दारावर यायचे आणि त्या पैठण्या अशाच जळल्या, तीच ही गोष्ट. इंग्लंडमधलं सगळ्यांत भारी भरतकाम आज आपल्याला दिसत नाही याचं हे एक मोठं कारण आहे. जितकं सोनं जास्त, तितकी ती वस्तू भट्टीत जाण्याची शक्यता जास्त.

सुईसुद्धा साधी गोष्ट नव्हती. बारीक पोलादी सुयांना ‘स्पॅनिश सुया’ म्हणत. त्या काळच्या लंडनच्या इतिवृत्तात एक नोंद आहे: एलिझाबेथच्या आधीच्या मेरी राणीच्या काळात चीपसाइड पेठेत एक कृष्णवर्णीय कारागीर उत्तम स्पॅनिश सुया बनवायचा, पण त्याने ती विद्या कोणालाही शिकवली नाही. पुढे एलिझाबेथच्या राज्याच्या आठव्या वर्षाच्या सुमारास इलायस क्राउस नावाच्या जर्मनाने ती इंग्लंडमध्ये शिकवली. त्या चीपसाइडच्या कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, याची मला फार चुटपुट लागते.

भरणारे हात

भरतकाम म्हटलं की डोळ्यांसमोर खिडकीशी बसलेली बाई येते. सोळाव्या शतकातल्या लंडनमध्ये धंद्याचं भरतकाम मात्र मुख्यतः पुरुषांच्या संघाच्या ताब्यात होतं. ‘ब्रॉडरर्स कंपनी’ नावाच्या या कारागीर-संघाला एलिझाबेथने १५६१ साली सनद दिली. बायका आणि मुली त्या कारखान्यांत राबत होत्याच, पण सनदेवर आणि हिशेबात नाव यायचं ते मालकाचं.

या कारागिरांच्या हाताला काम कुठून आलं, यालाही इतिहास आहे. मध्ययुगात इंग्लिश भरतकामाची कीर्ती युरोपभर होती आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं चर्च. धर्मगुरूंचे झगे आणि वेदीवरची वस्त्रं सोन्याने मढवली जायची. १२९५ सालच्या व्हॅटिकनच्या यादीत इंग्लिश कामाचे शंभराहून जास्त नग आहेत. मग आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडला, १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले आणि हे गिऱ्हाईक नाहीसं झालं. देवासाठी चालणारी सुई दरबारी माणसांच्या अंगाकडे वळली. कापडही वळलं. डर्बीशरमधल्या हार्डविक वाड्याची मालकीण बेस हिच्या दालनांतल्या मोठ्या भिंतपडद्यांत चर्चच्या जुन्या झग्यांचे तुकडे लावलेले आजही ओळखू येतात. ज्या मखमलीसमोर एके काळी लोक गुडघे टेकत, ती आता एका उमराव बाईची श्रीमंती सांगत होती.

घरी भरणाऱ्या मोठ्या घरच्या बायकांचं काम वेगळं होतं. त्यांना त्यातून पैसे मिळवायचे नव्हते. उलट पैसे मिळवायची गरज नाही, हेच त्या कामातून दाखवायचं होतं. नक्षी बहुतेक वेळा विकत आणली जायची. नक्षी काढणारा कसबी तागाच्या कापडावर शाईने वेलबुट्टी रेखून द्यायचा, किंवा खाका वापरला जायचा: कागदावर नक्षीच्या रेषेने सुईने भोकं पाडायची, तो कापडावर ठेवून कोळशाची पूड घासायची. फुलं, पक्षी, किडे, सुरवंट हे वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या छापील पुस्तकांतून उचललेले असायचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नुसती शाईची नक्षी असलेलं, एकही टाका न पडलेलं टोपडं आहे. सोनं-रेशीम लावून पूर्ण झालेल्या टोपड्यांइतकंच तेही बोलतं, कारण त्यात काम कसं विभागलं जायचं ते दिसतं.

एलिझाबेथ स्वतःही भरायची. अकरा वर्षांची असताना, १५४४ च्या अखेरीस, तिने सावत्र आई कॅथरिन पार हिला नववर्षाची भेट म्हणून एक हस्तलिखित दिलं. भाषांतर तिचं, अक्षर तिचं. निळ्या रेशमी जमिनीवर चांदी-सोन्याच्या तारेचं भरलेलं वेष्टणही तिनेच केलं असं मानतात. मधोमध सावत्र आईची आद्याक्षरं, कोपऱ्यांत पॅन्सीची फुलं. हे पुस्तक ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्या वेळी तिचं दरबारातलं स्थान डळमळीत होतं. सख्ख्या आईचा शिरच्छेद झालेला, वारसाहक्क नुकताच परत मिळालेला. अशा मुलीने सावत्र आईपुढे ठेवलेली ही भेट नुसती हौस नव्हती.

हातमोजा घालायचा नाही, धरायचा

त्या काळच्या तैलचित्रांत एक गोष्ट सारखी दिसते. मोठ्या माणसाच्या एका हातात मोज्यांचा जोड नुसता धरलेला असतो. थंडीसाठी घालायचा मोजा वेगळा, हा मिरवायचा.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. हाताचा भाग करडाच्या किंवा हरणाच्या मऊ पांढऱ्या कातड्याचा, अगदी साधा. मनगटाशी मात्र रुंद पसरट पट्टी. ती बहुधा सॅटिनवर वेगळी भरून मग जोडलेली, कडेला सोनेरी जाळी किंवा झालर आणि सोन्याच्या टिकल्या. बोटं मुद्दाम खऱ्या बोटांपेक्षा लांब शिवलेली, कारण लांब निमुळती बोटं ही कष्ट न करणाऱ्या हाताची खूण मानली जायची. कधी बोटावर चीर ठेवलेली, आतली अंगठी दिसावी म्हणून. अशी चीर ठेवून कोणी थंडीपासून बचाव करत नाही.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात एक जोड आहे. १५६६ साली राणीने विद्यापीठाला भेट दिली तेव्हाचा तो असल्याचं परंपरेने सांगतात. मोजे ही भेट द्यायची ठरलेली वस्तू होती: राजाराणीला, न्यायाधीशाला, लग्नात पाहुण्यांना, अंत्ययात्रेत सोबत चालणाऱ्यांना. कोणाला कोणत्या प्रतीचा जोड मिळाला यावरून यजमानाने कोणाला किती मान दिला ते सगळ्यांना कळायचं. मोज्यांना सुगंधही लावत. ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हेर इटलीहून आला तेव्हा सुगंधी मोजे घेऊन आला. राणीला ते इतके आवडले की तो सुगंध बरीच वर्षं अर्लच्या नावाने ओळखला जात होता.

याच विषयातला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयातला. निकोलस हिलियर्डने साधारण १५९० साली काढलेलं कंबरलंडचा अर्ल जॉर्ज क्लिफर्ड याचं छोटं चित्र. त्या वर्षी तो घोड्यावरून भाल्याने झुंजण्याच्या दरबारी सामन्यांत राणीचा वीर नेमला गेला होता. चित्रात त्याने राणीचा मोजा रत्नं लावून स्वतःच्या हॅटवर खोचलेला आहे. अर्लकडे मोज्यांना काय तोटा? पण हा एक मोजा पैशाने मिळणारा नव्हता. त्याची किंमत तो कोणाच्या हातातून आला यात होती.

प्रतिष्ठेचं हे गणित इथेच नीट कळतं. सोनं किती, टाके किती, हे पहिलं मोजमाप. वस्तू कोणाकडून आली आणि देणाऱ्याच्या तुम्ही किती जवळचे, हे दुसरं. आणि दुसऱ्यापुढे पहिलं फिकं पडायचं.

नववर्षाची वही

हे दुसरं मोजमाप कसं चालायचं ते एलिझाबेथच्या दरबारातल्या नववर्षाच्या भेटींवरून स्पष्ट होतं. एक जानेवारीला सगळे दरबारी राणीला भेट द्यायचे. कोणी काय दिलं याची चर्मपत्राच्या लांब गुंडाळीवर नोंद व्हायची, वरच्या दर्जापासून खाली अशी. त्यांतल्या कितीतरी गुंडाळ्या आज उपलब्ध आहेत. मोठे सरदार आणि धर्माधिकारी सोन्याची नाणी द्यायचे, पण नाणी उघडी द्यायची नाहीत, बटव्यात घालून द्यायची. बायका भरलेले झगे, बाह्या, रुमाल, मोजे द्यायच्या. मिठाई करणारा बदामाच्या मिठाईची कलाकृती आणायचा.

बदल्यात राणी काय द्यायची? सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडी, वजन करून. तेही वहीत चढायचं, औंसांसह. आपल्याला राणीकडून किती औंस आले आणि शेजाऱ्याला किती, हे दरबाराला ठाऊक असायचं. स्वतःची किंमत अशी तराजूत पडलेली पाहणं किती बोचत असेल!

त्या बटव्यांचे आणि त्यांच्याच जातीच्या सुगंधी पिशव्यांचे नमुने बरेच टिकले आहेत. साधारण दहा-बारा सेंटिमीटरचा चौकोन. तागाच्या जाडसर कापडावर चांदीच्या दोऱ्याने सगळी जमीन भरून काढलेली, त्यावर रेशमी फुलांची वेल, ओढायच्या दोऱ्या, टोकांना गोंडे. आत वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि सुवासिक मुळांची पूड ठेवायची, किंवा भेटीची नाणी. काही बटव्यांत कारागिराने कल्पनेला मोकळं सोडलं आहे. द्राक्षाच्या घोसाचे बटवे आहेत, आणि अ‍ॅशमोलियनमध्ये चक्क बेडकाच्या आकाराचा एक आहे. त्यात नाणी फार मावत नाहीत. पण मावावीत म्हणून तो केलेलाच नव्हता.

घरातली टोपडी

लग्न झालेल्या बाईने केस झाकायचे, ही रीत. त्यासाठी तागाचं टोपडं असायचं: एकाच तुकड्याचं, डोक्यावर मधोमध शिवण, मागे चुण्या. त्याच्या जोडीला कपाळावर बांधायची त्रिकोणी पट्टी. साधी टोपडी सगळ्या बायका घालायच्या. पांढरं, स्वच्छ, धुता येईल असं. मोठ्या घरच्या बाईच्या टोपड्यावर मात्र सोनेरी दोऱ्याची वेटोळी वेल, प्रत्येक वेटोळ्यात एक फूल किंवा फळ: स्ट्रॉबेरी, वाटाण्याची शेंग, कार्नेशन, हनीसकल या सुवासिक वेलीचं फूल. वाटाण्याच्या काही शेंगा तर खरोखर उघडतात. वरचं साल काजाच्या टाक्याने कापडापासून सुटं विणलेलं असतं आणि ते उचललं की आत दाणे. असं टोपडं साध्या कपड्यासारखं वारंवार धुता येत नाही, आणि हेही त्याच्या श्रीमंतीतच मोडत होतं.

पुरुषांचीही अशी टोपी होती. नाव रात्रटोपी, पण ती झोपताना घालायची नव्हती. बाहेरची हॅट काढून घरात बसायचं तेव्हा ती डोक्यावर यायची. तिची कड वर दुमडायची असल्याने कडेचं भरतकाम कापडाच्या उलट बाजूने केलेलं असतं, म्हणजे दुमडल्यावर सुलट दिसावं.

मग घरातल्या घरात घालायच्या वस्तूवर एवढा खर्च कशाला? कारण मोठ्या घरात ‘घरात’ म्हणजे एकटं नव्हे. खासगी दालनात कोणाला येऊ द्यायचं हा मोठा मान होता. मालकाला भरलेल्या रात्रटोपीत पाहायला मिळालं, म्हणजे तुम्ही आतल्या वर्तुळात आलात. बाहेरचा झगा हजारोंनी पाहावा, ही टोपी निवडक पन्नासांनी. कायद्याने १५५४-५५ मध्ये तिचं नाव घेऊन बंदी का घातली, ते इथे नीट उमगतं.

पांढऱ्यावर काळ्या रेशमाचं काम हाही याच काळाचा आवडता प्रकार. त्यातला दुहेरी धावदोरा, म्हणजे एकदा जाताना आणि एकदा येताना मोकळ्या जागा भरत जाणारा टाका, कर्नाटकी कशिदा करणाऱ्या आपल्याकडच्या बायका लगेच ओळखतील. दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून उभ्या कॉलरला आणि बाहीच्या कडेला तो सोयीचा. आठव्या हेन्रीचा दरबारी चित्रकार होल्बाइन याच्या चित्रांत तो इतका बारकाईने रंगवलेला आहे की पाश्चात्त्य भरतकामात त्या टाक्यालाच होल्बाइनचं नाव पडलं.

रुमालाचे भाव

सगळ्या वस्तू राणीपर्यंत जाणाऱ्या नव्हत्या. इतिवृत्तकार सांगतात की मुली आणि बायका आपल्या आवडत्या पुरुषाला तीन-चार इंचांचा रुमाल द्यायच्या. कडेने भरलेला, चारी कोपऱ्यांना आणि मध्ये बटण किंवा गोंडा. पुरुष तो घडी घालून हॅटवर खोवायचे. भाव सहा पेन्स, बारा पेन्स, आणि चांगल्यातला सोळा पेन्स. लंडनमधल्या मजुराची दिवसाची कमाई तेव्हा नऊ-दहा पेन्स होती. म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीत सर्वांत भारी रुमाल. कंबरलंडच्या अर्लने राणीचा मोजा जिथे खोचला, तिथेच एखादा दुकानातला पोरगा हा रुमाल खोवत होता. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधला संशयाचं मूळ ठरलेला रुमालही स्ट्रॉबेरी भरलेला आहे, आणि तेव्हाच्या प्रेक्षकाला तसा रुमाल देण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

कैदेतली सुई

स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ साली इंग्लंडमध्ये आश्रयाला आली आणि पुढची एकोणीस वर्षं नजरकैदेत राहिली. तिच्या पहाऱ्याची जबाबदारी श्रूजबरीच्या अर्लवर होती, आणि त्याची बायको म्हणजे वर उल्लेख आलेली बेस. दोघी एकत्र भरत बसायच्या. मेरीच्या पत्रांवर पाळत होती, सुईवर तेवढी नव्हती. तिने नॉरफोकच्या ड्यूकला एक उशी पाठवली. त्यावर एक हात वाळलेली फांदी छाटतो आहे असं चित्र आणि ‘घावाने सद्गुण बहरतो’ अशा अर्थाचं लॅटिन वचन. ड्यूक तिच्याशी लग्न करू पाहत होता. छाटायची फांदी म्हणजे निपुत्रिक एलिझाबेथ, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि ड्यूकवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ही उशी पुढे आली. १५७२ साली त्याचा शिरच्छेद झाला.

१५७४ साली त्याच मेरीने फ्रेंच वकिलामार्फत एलिझाबेथला लाल सॅटिनवर चांदीने भरलेला परकर भेट पाठवला. भेट स्वीकारली गेली, सुटका झाली नाही. पण एक राणी दुसऱ्या राणीला स्वतःच्या हाताने भरलेली वस्तू पाठवते, तेव्हा आपण अजून बरोबरीच्या आहोत असं ती सांगत असते. कैदेत तिच्याकडे हे सांगायचं दुसरं साधन उरलं नव्हतं.

कायदा गेल्यावर

१६०४ साली पोशाखाचे हे कायदे रद्द झाले. लोकांना मोकळीक द्यावी असं कोणाच्या मनात आलं म्हणून नव्हे. पोशाखाचे नियम राजाने जाहीरनाम्याने करायचे की पार्लमेंटने, या भांडणात जुने कायदे गेले आणि नवे झालेच नाहीत.

आज संग्रहालयांत दिसणारी भरलेली टोपडी, रात्रटोप्या आणि सुगंधी पिशव्या मोठ्या प्रमाणात १६०० ते १६३० या तीस वर्षांतल्या आहेत, आणि त्यांचे मालक सगळे ड्यूक नव्हते. याचं उत्तम उदाहरण मार्गारेट लेटनचं आहे. तिचा नवरा राजाच्या रत्नागारात अधिकारी होता. खाऊन-पिऊन सुखी घर, पण वरच्या सरदारांतलं नव्हे. तिचं सोन्या-रेशमाने गच्च भरलेलं तागाचं जाकीट आणि तेच जाकीट घातलेलं तिचं तैलचित्र, दोन्ही व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. तीस-चाळीस वर्षांपूर्वी असं सोनं अंगावर घालायचा हक्क तिच्या घराला कागदावर तरी नव्हता.

आणि मग, मधल्या वर्गाच्या हाती ते आल्यावर, वरच्यांनी ते सोडलं. १६३० च्या दशकात दरबारात साधं चमकदार सॅटिन आणि लेसची फॅशन आली. वेलबुट्टीची टोपडी मागे पडली. भरतकाम मुलींच्या शिक्षणाकडे सरकलं. मार्था एडलिन नावाच्या मुलीचं बरंच काम सुदैवाने टिकलं आहे: आठव्या वर्षी रंगीत टाक्यांचा नमुनापट, नवव्या वर्षी पांढऱ्यावर पांढऱ्याचा, अकराव्या वर्षी, १६७१ साली, भरतकामाने मढवलेली पेटी. अशी पेटी म्हणजे मुलीच्या वळणाचं प्रशस्तिपत्र, आणि त्याहून जास्त तिच्या बापाचं. त्याने महाग रेशीम आणलं, शिकवणारी बाई ठेवली आणि मुलीला वर्षानुवर्षं दुसऱ्या कामाला लावलं नाही.

आज पाहताना

या वस्तू पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. काळ्या रेशमाला रंग देताना लोखंडाचा क्षार आणि झाडावरच्या गाठींतलं टॅनिन वापरत. हा रंग हळूहळू रेशीम खातो. म्हणून काळ्या कामाच्या कितीतरी तुकड्यांवर आज दोरा झडलेला आहे आणि उरल्या आहेत त्या सुईच्या भोकांच्या रांगा. फिकी किंवा अर्धवट दिसणारी नक्षी मुळातच तशी होती असं समजू नये.

दुसरं म्हणजे शक्य असेल तिथे उलट बाजू पाहा. बऱ्याच संग्रहालयांनी आपल्या संकेतस्थळांवर टोपड्यांच्या आणि मोज्यांच्या मोठ्या प्रतिमा ठेवल्या आहेत, आणि काहींमध्ये मागची बाजूही दिसते. उजेड न लागल्याने तिथले हिरवे, गुलाबी, निळे रंग अजून ताजे असतात, आणि सुलट बाजूच्या आज पिवळट वाटणाऱ्या वेली तेव्हा किती भडक होत्या ते समजतं. दोरा कुठे काटकसरीने फिरवला आहे, कुठे टोक खोवलं आहे, एकाच टोपड्यात टाक्याचा ताण कुठे बदलतो, म्हणजे कुठे दुसऱ्या हाताने काम उचललं, तेही तिथेच दिसतं. ज्यांची नावं कोणत्याही वहीत चढली नाहीत त्यांच्या कामाची नोंद त्या बाजूला आहे.